तुकडा नंबर छत्तीस

माझ्या दिराशी मी सहा वर्षं बोलत नव्हते आणि त्याचा मला कधी कंटाळा आला नाही. लोकांना वाटतं, अबोला म्हणजे मनावर ओझं. मुळीच नाही. नेमाने पाळला तर अबोल्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. आम्ही एकाच घरात राहायचो, तो वरच्या मजल्यावर आणि मी खाली. एकाच बसने कामाला जायचो, तो पुढच्या दाराने चढायचा, मी मागच्या. दिवसभर एकाच शेडमध्ये, एकाच दगडी माणसाच्या अंगावर राबायचो. एवढ्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. फारच अडलं तर माझी जाऊ होती. "भावजींना सांग, नळाचा वॉशर गेलाय," असं मी तिला सांगायचे. तो तीन हातांवर उभा राहून ऐकत असायचा, आणि ती बिचारी तेच वाक्य त्याच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायची.

शेडमध्ये त्याला घुम्या म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणसं कळतात. माझं नाव तिथे ठसेबाई. आमच्या दोघांबद्दल विचारलं की सगळे एकच सांगायचे, त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. ऐकून मला राग यायचा नाही. उलट वाटायचं, चला, निदान बरोबर तरी सांगतात.

ज्याच्या अंगावर आम्ही काम करायचो तो पालथा. लग्न होऊन मी आले तेव्हा नदीच्या काठी एक लांबलचक करडा खडक होता आणि सगळ्या वस्तीच्या बायका त्यावर कपडे आपटायच्या. मीही आपटले. एकदा साबण निसटून एका खाचेत गेला. काढायला बोटं घातली तर खाच सरळ पुढे जात होती आणि तिच्या दोन्ही अंगांना सारखेच उंचवटे. मी वरून खालपर्यंत चाचपत गेले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "अहो, त्या खडकाला पाठीचा कणा आहे."

तो खाणीत दगड काढणारा माणूस. दगडाबद्दल बायकोने आपल्याला शिकवावं हे त्याला रुचलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेला, दोन तास त्या खडकापाशी बसला आणि परत आला तो गप्पच. मग पत्रं गेली, मग साहेब लोक आले, मग दोऱ्या लावून आखलेले खड्डे सुरू झाले. सव्वीस फुटांचा माणूस निघाला, तुकड्यातुकड्यांत, चिखलात तोंड खुपसून पडलेला. त्याच्या शेजारी दुसरा, तेवढाच, पण आभाळाकडे तोंड करून. त्या उताण्याच्या चेहऱ्यावर नाक-डोळे काही उरलेलं नव्हतं, पावसाने सगळं घासून नेलं होतं. पालथ्याचा चेहरा मात्र कोरल्या दिवसासारखा. पुरातत्त्व खात्याने माझ्या नवऱ्याला मिस्त्री म्हणून ठेवून घेतलं. त्याने धाकट्या भावाला भोकं पाडायला शिकवलं आणि मला ठसे घ्यायला.

सहा वर्षांपूर्वी आम्ही पालथ्याच्या खांद्याचा तुकडा उचलत होतो. तुकडा चेनपुलीला टांगलेला, साखळी घुम्याच्या हातात, आणि माझा नवरा खाली वाकून लाकडी ठोकळे सरकवत होता. हुक उघडला. मी तेव्हा चहा आणायला गेले होते. परत आले तेव्हा सगळे एका बाजूला उभे होते आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

चौकशीत निघालं की हुकाला आतून जुनी चीर होती, दोष कोणाचा नाही. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या घरचं कोणी त्या दगडाखाली नव्हतं. हुक फटकन उघडत नाही. लोखंड सरळ व्हायला वेळ घेतं, हे मला नवऱ्यानेच शिकवलं होतं. मी घुम्याला घराच्या जिन्यात गाठलं.

"हुक उघडत होता," मी म्हटलं. "साखळी तुमच्या हातात होती. तुम्हाला दिसलं होतं का?"

तो माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "नाही, वहिनी."

"साखळी धरणाऱ्याची नजर हुकावर असते. तुम्हाला दिसलं आणि तुमच्या तोंडून आवाज फुटला नाही."

"नाही, वहिनी. मला दिसलं नाही."

"मग आजपासून माझ्याशी बोलायचं नाही. एक अक्षर नाही."

सांगितलेलं ऐकायची त्याला लहानपणापासूनची खोड, त्याने तिथूनच पाळायला सुरुवात केली. माझं मत तेव्हाच पक्कं झालं होतं. तो घाबरला, ओरडला नाही, आणि मग ते झाकायला खोटं बोलला. एक हाक मारली असती तर माझा माणूस उडी मारून बाजूला झाला असता. एवढ्याशा हाकेसाठी मी त्याला सहा वर्षं पाण्यात पाहिलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता ठशाचं काम कसं चालतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तुटलेला तुकडा मूर्तीला परत बसवायचा तर दोन्हीकडे भोकं पाडून मध्ये स्टीलच्या सळया घालाव्या लागतात. तुकड्यातली भोकं आणि अंगातली भोकं समोरासमोर आली पाहिजेत, केसभरही इकडेतिकडे नाही. आधी तुकड्यात भोकं पाडतात. मग मी त्याच्या तोंडावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवते आणि प्रत्येक भोकाच्या जागी लाल पेन्सिलीने फुली मारते. वरची बाजू कळावी म्हणून वर एक रेघ, खाली मधोमध तुकड्याचा नंबर. तो कागद मूर्तीच्या अंगावर चिकटवायचा आणि फुलीवर ड्रिल धरायचं. पण चिकटवायचा तो उलटा करून. दोन तळवे एकमेकांवर ठेवून बघा, अंगठ्यावर अंगठा येतो तो एक तळवा उलटा असतो म्हणून. सांध्याचंही तसंच आहे.

नवीन माणूस इथे हमखास फसतो. म्हणून माझ्या नवऱ्याने शेडच्या खांबावर खडूने लिहून ठेवलं होतं, आकडा उलटा तर कागद सुलटा. म्हणजे चिकटवल्यावर नंबर आरशातल्यासारखा उलटा दिसला की समजायचं, बरोबर लागला. या एका ओळीवर आमचं सगळं चालायचं. मी कागद काढून तारेच्या टोपलीत टाकायचे, घुम्या येऊन उचलायचा, परांचीवर चढायचा, आकडा उलटा बघून चिकटवायचा. बोलायची गरजच नव्हती. पस्तीस तुकडे असे बसले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुख, पाहुण्यांना घेऊन यायच्या तेव्हा कौतुकाने सांगायच्या, "इथे बघा किती शांतपणे काम चालतं."

छत्तीसावा तुकडा म्हणजे पालथ्याचा उजवा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, तळवा उघडा. पाऊण टन वजन. जुन्या कारागिरांना एवढा लांब अखंड दगड मिळाला नसावा, त्यांनी हात वेगळा घडवून कोपरात जोडला होता. त्यामुळे सांधा ताटासारखा गोल आणि सपाट. बाकीच्या तुकड्यांची तोंडं वाकडीतिकडी तुटलेली, कागद चुकीचा लावला तर कडा जुळायच्या नाहीत आणि लगेच कळायचं. इथे कसाही लावा, गोलावर गोल बसणार.

शिवाय दंडाच्या आत, छातीच्या अंगाला, एक तांबूस शीर होती. मऊ दगडाची, वरून न दिसणारी. यंत्राने तपासली तेव्हा कळलं. म्हणून चार भोकं सारख्या अंतरावर न ठेवता तीन बाहेरच्या अंगाला आणि एक मध्यावर, अशी योजली. शिरेचा तो रिपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात होता. हातातली भोकं गोदामात मोठ्या मशीनवर पाडून झाली, मी ठसा घेतला, आणि हात पेटीत बंद झाला. ती पेटी उघडायची तर अर्ज करून मोठ्या बाईंची सही आणावी लागे.

टेबलावर येऊन मी कागदाखाली नंबर घातला. ३६. सवयीने कागद उचलून उजेडात धरला आणि मागून पाहिला.

३६.

मला वाटलं, मी तो फिरवलाच नाही. पुन्हा फिरवला. ३६. मग डोक्यात उजेड पडला. तीन उलटा केला की सहा होतो, सहाचा तीन होतो, आणि दोघांच्या जागाही बदलतात. पुढून छत्तीस, मागूनही छत्तीस. खांबावरच्या ओळीचा या एका आकड्यापुढे काही उपयोग नव्हता. या कागदाची कुठली बाजू खरी हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

यावर उपाय काय, तर कोपऱ्यात एक शब्द लिहायचा. नाहीतर एक बाण. मी पेन्सिल कागदावर टेकवलीसुद्धा. आणि मनात आलं, का म्हणून? विचारू दे की. येऊ दे माझ्या टेबलापाशी, उभा राहू दे, आणि म्हणू दे, वहिनी, कुठली बाजू. सहा वर्षांत एकदा तरी त्याला माझ्यापुढे तोंड उघडावं लागू दे. बोलू नका असं मीच सांगितलं होतं, ते मला आठवत होतं. पण काही गोष्टी सांगितल्या तरी माणसाने त्या मोडाव्यात अशी आपली आतून इच्छा असते, आणि तो मोडत नाही म्हणून आणखी राग येतो. मी पेन्सिल उचलली आणि कागद टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो उचलला. परांचीवर चढला, कोपरापाशी फळीवर बसला, कागद दंडाच्या सांध्यावर धरला. काढला. उलटा केला, पुन्हा धरला. काढला. मी खालून बघत होते. त्याला कळलं हे मला कळलं. कागद मांडीवर घेऊन तो बसला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, पत्त्याचं एकच पान उरलेल्या माणसासारखा. पंधरा मिनिटं तरी गेली. खाली मालवाहू गाडी येऊन गेली, तिचा ड्रायव्हर कोणाशी तरी हुज्जत घालून गेला, आणि हा आपला कागद फिरवतोय.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, सरळ, वरून खाली. मी लगेच खाली बघून पेन्सिलीला टोक काढायला लागले. टोक होतंच. तरी काढत राहिले. म्हटलं, खाली उतर. पंधरा पायऱ्या आहेत. उतर आणि विचार.

तो उतरला नाही. चिकटपट्टीचा आवाज आला. मी मान वर केली. कागद लागला होता. तीन लाल फुल्या छातीच्या अंगाला होत्या.

पालथा मला परका नव्हता. त्याची पाठ मी या हातांनी ओळखली होती. माझा नवरा त्याच्यापायी गेला होता. मी खुर्चीवरून अर्धी उठले. घुम्याने ड्रिल उचललं, फुलीवर टेकवलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ड्रिल चालू नव्हतं. तो नुसता बघत होता, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. आणि मी खाली बसले. का बसले ते मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. उत्तर दरवेळी तेच येतं आणि ते मला आवडत नाही. मला त्याची चूक हवी होती. सगळ्यांच्या देखत, कागदावर, सहीशिक्क्यासकट.

एका भोकाला पाऊण तास लागतो. पहिलं भोक मध्यावरचं. ते बरोबरच होतं, मध्यावर दोन्ही बाजू सारख्याच. तेव्हा हाक मारली असती तर काहीच बिघडलं नसतं. दुसऱ्याला मारली असती तर एका भोकावर निभावलं असतं. मी तिसऱ्यालाही बसून राहिले. चौथं निम्म्यावर आलं तेव्हा ड्रिलखालून पडणारी भुकटी करड्याची तांबूस झाली. घुम्याने मशीन थांबवलं. त्या शांततेत एक बारीक आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा, आणि दंडावर एक रेघ उमटली. बोटभर होती, बघता बघता हातभर झाली आणि थेट काखेपर्यंत गेली. हात, बोटं, नाक, सगळं सांभाळून दोन हजार वर्षं पडून राहिलेला दगड आम्ही दोघांनी मिळून एका सकाळी फोडला.

चौथ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. परांचीवर चढल्या, चिरेत कागदाची पट्टी घालून पाहिली, उतरल्या आणि हात न धुताच ऑफिसात बसल्या. आम्हा दोघांना समोर बसवलं. टेबलावर तो कागद होता.

"हा हात आता कधीच बसणार नाही," त्या म्हणाल्या. "दंड वजन घेणार नाही. उताण्याचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय आणि ही चूक करणारा माणूस मी त्याच्या जवळपास फिरकू देणार नाही. मला फक्त एवढं सांगा, तो माणूस कोण."

घुम्या म्हणाला, "कागद मी लावला."

"उलटा का नाही लावलात?"

"आकडा दोन्हीकडून सारखाच दिसत होता." त्याने कागद उचलून बाईंना फिरवून दाखवला. बाईंनी तो हातात घेतला, स्वतः दोनदा फिरवला, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मग विचारलं का नाहीत? ठसेबाई वीस पावलांवर बसतात."

"वहिनींनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"कधी?"

"सहा वर्षं झाली."

बाहेर कोणी पत्रे उतरवत होतं, त्याचा खडखडाट चालला होता. "म्हणजे तुम्ही दोघं माझ्या शेडमध्ये सहा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून काम करताय," त्या म्हणाल्या, "आणि मी लोकांना सांगत फिरतेय, किती शांतता आहे." मग माझ्याकडे वळल्या. "ठसेबाई, तुमचं टेबल परांचीच्या समोर आहे. तो कागद चुकीच्या बाजूने लागलाय, हे तुम्हाला दिसलं होतं का?"

प्रश्न कानावर पडला आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा जिना आला. शब्दन् शब्द तोच. घुम्या माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, पण त्याचं लक्ष माझ्याकडे होतं, ते मला कडेने जाणवत होतं.

"नाही," मी म्हणाले. टेबलावर एक टाचणी पडली होती, तिच्याकडे बघून म्हणाले.

बाईंनी घुम्याला त्या दिवशीपासून कामावरून काढलं. रागावल्या नाहीत, आमच्यावर रागही त्यांनी फुकट घालवला नाही. नुसतं म्हणाल्या, "किल्ल्या ठेवून जा." त्याने ड्रिलच्या कपाटाची किल्ली जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली. माझ्या मनासारखं झालं होतं. आता उताण्याचं काम माझ्या हाताखाली होणार होतं, शेडमध्ये त्याचं तोंड दिसणार नव्हतं. मला आनंद झाला, हेही सांगायला हवं. बसस्टॉपपर्यंत जाईस्तोवर तो टिकला.

स्टॉपवर तो आधीच उभा होता, हातात डबा आणि घडी केलेले कामाचे कपडे. मी नेहमीसारखी चार हात दूर उभी राहिले. बस लांबून दिसली तेव्हा तो बोलला. मोठ्याने नाही. माझ्याशी सहा वर्षं न वापरलेला आवाज, पण मला तो आठवला.

"वहिनी, मला खरंच दिसलं नव्हतं."

मी त्याच्याकडे वळले.

"दादाच्या वेळी. साखळी अडकली होती, मी ती सोडवायला खाली बघत होतो. तेवढ्यातच झालं. दिसलं असतं तर ओरडलो असतो." तो थांबला. "त्या दिवशी ड्रिल टेकवून मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, कागद चुकला असेल तर तुम्ही ओरडाल. माझ्यासाठी नाही, पण त्याच्यासाठी तरी. तुम्ही खाली बसलात. मी म्हटलं, म्हणजे बरोबर आहे."

बस आली. तो पुढच्या दाराने चढला. मी चढले नाही. पाय उचललाच नाही. बस गेली तेव्हा कंडक्टरने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही.

मी तिथे उभी राहून जिना आठवत होते. त्या दिवशी 'नाही' म्हणताना तो कुठे बघत होता, तर माझ्या डोळ्यांत. दोन्ही वेळा. आज मी कुठे बघत होते, तर टाचणीकडे. खोटं 'नाही' कसं निघतं ते मला तासाभरापूर्वीच कळलं होतं, नजर कशी एखादी बारीकशी वस्तू शोधते. तसं त्याचं काहीच झालं नव्हतं. तो खरं बोलत होता. ज्या गुन्ह्यासाठी मी त्याला सहा वर्षं शिक्षा केली तो त्याने केलाच नव्हता. तो केला मी, डोळ्यांदेखत, पाऊण पाऊण तासांच्या हप्त्यांनी.

माझी कीव करू नका. मला पश्चात्ताप झाला असं म्हणायला जड जातं, कारण आधी आला तो संताप. त्याने हे सहा वर्षांपूर्वी का सांगितलं नाही, साखळी अडकली होती एवढं एक वाक्य? मग आठवलं की मी त्याला बोलू दिलं नव्हतं. तो 'नाही' म्हणाला, तेवढ्यावर मी दार लावून घेतलं होतं. संताप जायला कुठे जागाच उरली नाही, म्हणून तो माझ्यावरच आला. मला खोटं बोलणाऱ्या माणसांचा तिटकारा आहे. ते मीच असले म्हणून तो कमी कसा होईल?

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई निघायच्या आधी मी त्यांच्या ऑफिसात गेले. खणातला शिरेचा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मला दिसलं होतं. कागद लागताना दिसलं. चौथ्या भोकापर्यंत मी बसून होते. आणि आकड्याचं आदल्या दिवशीच कळलं होतं, बाण काढणार होते, काढला नाही."

बाईंनी चष्मा काढला. "हे काल का नाही सांगितलंत?"

"काल मला हरायचं नव्हतं."

"आणि आज?"

"आज हरायला काही शिल्लक नाही."

त्यांनी रिपोर्ट स्वतःकडे ओढून घेतला. मला वाटलं, आता बोलतील, तोंडावर थुंकल्यासारखं काहीतरी. त्या म्हणाल्या, "किल्ल्या ठेवून जा." सगळ्यांना एकच वाक्य. बरं केलं.

घुम्याला त्यांनी आठवड्याने परत बोलावलं. तो पुन्हा शेडमध्ये जातो, उताण्याच्या अंगावर काम करतो. ठसे घ्यायला नवीन मुलगी आली आहे, ती प्रत्येक कागदावर ठळक बाण काढते आणि शिवाय ओरडून सांगते, असं जाऊ म्हणाली. खांबावरची खडूची ओळ पुसली. पालथा एकाच हाताचा उभा आहे. दुसरा हात त्याच्या पायाशी कट्ट्यावर ठेवलाय, तळवा वर करून, आणि खाली पाटी आहे, तुकडा क्रमांक छत्तीस. लोक विचारतात म्हणे, हा बसवला का नाही. तिथला माणूस सांगतो, दगड कमकुवत होता.

मी घरीच असते. मधल्या काळात मी घुम्याशी बोलायचा प्रयत्न केला. पहिल्याच संध्याकाळी जिन्यात त्याच्यापुढे उभी राहिले, तसाच तो जिना, तीच पायरी. म्हटलं, "भावजी, माझं चुकलं." तो वाट मिळेपर्यंत थांबला, मग कडेने वर निघून गेला. परवा त्याच्या खोलीतल्या पाइपातून माझ्या भिंतीवर पाणी उतरलं. मी वर हाक मारली. तो दारात आला, ऐकलं, आणि मागे वळून जावेला म्हणाला, "वहिनींना सांग, उद्या प्लंबर येतोय." मी तीन हातांवर उभी होते. ती माझ्याकडे वळली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली.

माझा अबोला सहा वर्षं चालला आणि त्याला कारण नव्हतं. त्याच्याकडे कारण आहे.